डिस्कवर जागा आहे, तरी फाइल तयार होत नाही: आयनोड, हार्ड लिंक आणि सॉफ्ट लिंक

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचा सर्व्हर सांभाळणाऱ्या तरुणाने तीन प्रश्न एकदम विचारले आहेत. पहिला असा: त्यांचं सॉफ्टवेअर प्रत्येक कास्टिंगच्या तपासणीचं रीडिंग एका छोट्या फाइलमध्ये ठेवतं आणि काही कास्टिंगचा फोटोही जोडतं. सर्व्हर उबुंटूचा आहे, डिस्क १०० जीबीची, फाइलसिस्टीम (डिस्कवर फाइली मांडून ठेवायची पद्धत) ईएक्सटी४. परवापासून ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ अशी एरर येते, पण ‘डीएफ -एच’ पाहिलं तर डिस्क ४० टक्केच भरलेली. एक भलीमोठी लॉग फाइल उडवून पाहिली, तरी तो आकडासुद्धा हलला नाही. दुसरा प्रश्न बॅकअपचा: एक सहकारी म्हणतो हार्ड लिंक वापरा, दुसरा म्हणतो सॉफ्ट लिंक, यात खरं काय? तिसरा प्रश्न: ग्राहकांच्या गावांप्रमाणे केलेल्या फोल्डरांमध्ये ‘कऱ्हाड’ हे फोल्डर एकाच ठिकाणी दोनदा दिसतं, आणि नाव टाइप केलं की प्रत्येक वेळी त्यातलं एकच उघडतं. हे शक्य तरी कसं?

प्रश्न तीन असले तरी गाठ एकच आहे. युनिक्स घराण्यातल्या सिस्टीमवर फाइल आणि फाइलचं नाव या दोन वेगळ्या वस्तू आहेत. ही गाठ सुटली की तिन्ही उत्तरं हाताशी येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या.

आधी हे करून पाहा:

डीएफ -आय

‘डीएफ -एच’ डिस्कवरचे ब्लॉक मोजतं, म्हणजे मजकुराला उरलेली जागा. ‘डीएफ -आय’ आयनोड मोजतं. तुमच्याकडे ‘आययूज’च्या रकान्यात १०० टक्के दिसेल, याची मला जवळपास खात्री आहे. जागा संपलेली नाही, आयनोड संपले आहेत. पण कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, दोन्ही वेळेला एरर तीच देतं, त्यामुळे माणूस जागा मोकळी करत बसतो आणि अडचण जिथल्या तिथे राहते.

आयनोड म्हणजे फाइलची नोंद. कोल्हापुरातल्या जुन्या पेठेतलं एखादं घर डोळ्यांसमोर आणा. लोक त्याला ‘तालमीशेजारचं घर’ म्हणतात, मागच्या बोळातले लोक आणखी वेगळ्या नावाने ओळखतात. सिटी सर्व्हेच्या दप्तरात मात्र त्याला एक नंबर असतो आणि त्या नंबराच्या प्रॉपर्टी कार्डावर मालक, क्षेत्रफळ, हद्दी लिहिलेल्या असतात. आयनोड हे ते कार्ड. फाइलचा मालक कोण, गट कुठला, परवानग्या काय, आकार किती बाइट, शेवटचा बदल कधी झाला, मजकूर डिस्कवरच्या कुठल्या ब्लॉकांत आहे आणि या फाइलला सध्या किती नावं आहेत, एवढं सगळं त्यात असतं. फक्त नाव त्यात नसतं.

नाव असतं डिरेक्टरीत. डिरेक्टरी ही सुद्धा एक फाइलच आहे. तिच्यात नाव आणि आयनोड क्रमांक अशा जोड्यांचा तक्ता असतो, बस्स. ‘एलएस -एलआय’ लावा, म्हणजे प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला तो क्रमांक दिसेल, आणि परवानग्यांच्या लगेच पुढे नावांची संख्या, म्हणजे लिंक काउंट. एकाच फाइलची सगळी हकिकत हवी असेल तर ‘स्टॅट’ ही कमांड वापरा. त्यात फाइलच्या वेगवेगळ्या वेळांच्या नोंदी दिसतात आणि त्यातल्या ‘सीटाइम’बद्दल फार जणांचा घोळ होतो. ती फाइल जन्मल्याची वेळ नव्हे. आयनोडमधली नोंद शेवटची कधी बदलली, ती ही वेळ. परवानगी बदलली, मालक बदलला, नवीन लिंक जोडली, तरी ती पुढे सरकते. मजकूर कधी बदलला हे हवं असेल तर ‘एमटाइम’ पाहायचा.

ही मांडणी बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स घडवलं तेव्हापासूनची आहे. १९७४ साली त्या दोघांनी युनिक्सवर जो शोधनिबंध छापला, त्यातही डिरेक्टरीतली नोंद म्हणजे केवळ नाव आणि क्रमांक, आणि बाकी सगळं त्या क्रमांकाच्या नोंदीत, हेच वर्णन आहे. पन्नास वर्षांत डिस्का बदलल्या, आकार बदलले, पण हा पाया तसाच राहिला. मला ही गोष्ट मनापासून सुंदर वाटते. एवढी साधी कल्पना, आणि तिच्यातून किती काही निघतं!

आता तुमच्या डिस्कचा हिशेब मांडू. ईएक्सटी४ तयार करताना आयनोडांची संख्या त्याच वेळी ठरते. नेहमीच्या सेटिंगला दर १६,३८४ बाइट जागेमागे एक आयनोड मिळतो. १०० जीबीला भागाकार करा: ६५,५३,६०० आयनोड. प्रत्येक आयनोड २५६ बाइटचा, म्हणजे नुसत्या या नोंदींसाठी १,६०० एमबी जागा पहिल्या दिवसापासून बाजूला काढलेली असते. यामागचं गृहीत असं की सर्वसाधारण फाइल सरासरी १६ केबीपेक्षा मोठी असेल. तुमचं रीडिंग काही शे बाइटचं आहे. डिस्कवर ते ४,०९६ बाइटचा एक ब्लॉक अडवतं आणि एक आयनोड खातं. अशा फाइलींनीच सगळे आयनोड संपवले, तर मजकुराने अडवलेली जागा होते २५ जीबी, म्हणजे पाव डिस्क. वरचे १५ टक्के तुमच्या फोटोंचे आणि सिस्टीमचे. ४० टक्क्यांचं कोडं इथेच सुटतं.

एक खूण सांगून ठेवतो. आयनोड संपलेल्या मशीनवर बॅश (तुमच्या कमांड वाचून चालवणारा शेल) कधीकधी ‘हिअर-डॉक्युमेंटसाठी टेम्प फाइल तयार करता येत नाही’ अशी तक्रार करतो, टॅब दाबून नाव पूर्ण करतानाही अडखळतो. शेलला तात्पुरती फाइल लागते आणि तीही तयार होत नाही. रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, म्हणून लॉगिन केलं तरी उपयोग होत नाही. ईएक्सटी४ रूटसाठी पाच टक्के राखून ठेवतं ते ब्लॉक. आयनोडांसाठी असा राखीव साठा नसतो. दिलासा एवढाच की फाइल उडवायला नवा आयनोड लागत नाही, त्यामुळे सुटका आपल्याच हातात असते.

गर्दी कुठे आहे हे आधी शोधा. तुमचा अंदाज रीडिंगच्या फोल्डरवर आहे आणि तो बहुधा बरोबरच निघेल, पण मोजल्याशिवाय हात लावू नका:

डीयू --आयनोड्स -एक्स -डी २ /

यातला ‘-एक्स’ महत्त्वाचा. तो दुसऱ्या फाइलसिस्टीममध्ये शिरू देत नाही. अनेक जण पुढे लगेच ‘सॉर्ट’ जोडतात. मोठ्या यादीला ‘सॉर्ट’ला तात्पुरत्या फाइली लागतात, आणि ‘/टेम्प’ त्याच भरलेल्या डिस्कवर असेल तर तो तिथेच कोलमडतो. त्याला मोठ्या लिपीतला ‘-टी’ देऊन ‘/डेव्ह/एसएचएम’ दाखवा. ती जागा मेमरीत असते. रीडिंगखेरीज दुसरीकडेही पाहून घ्या. मी पाहिलेल्या सर्व्हरांवर ठरलेली काही ठिकाणं असतात: साफ न होणारी पीएचपीची सेशन फोल्डर, कुठल्यातरी वेब अॅपचा कॅश, आणि क्रॉनने (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्रॅम) दर पाच मिनिटांनी रूटला पाठवलेली, कुणीच न वाचलेली मेलं, जी मेलच्या रांगेत वर्षानुवर्षं साचत राहतात. डेव्हलपमेंटचं मशीन असेल तर ‘नोड-मॉड्यूल्स’ची फोल्डरं.

आता उडवण्याबद्दल. त्याआधी एक विचारून घ्या. फाउंड्रीत हीट नंबरप्रमाणे, म्हणजे भट्टीतल्या एकेका वितळणीच्या क्रमांकाप्रमाणे, नोंदी मागे जाऊन दाखवाव्या लागतात. वाहन उद्योगातला ग्राहक ऑडिटला आला की जुन्या कास्टिंगचं रीडिंग मागतो. क्वालिटीच्या साहेबांना विचारल्याशिवाय एकही फाइल काढू नका. जुना महिना ‘टार’ने एका फाइलीत बांधा, ती दुसऱ्या डिस्कवर ठेवा, उघडून तपासा, आणि मगच मूळ फाइली काढा. लाखो फाइलींची एक ‘टार’ फाइल झाली की लाखो आयनोड मोकळे होतात आणि नोंद एकही हरवत नाही.

त्या फोल्डरमध्ये फाइल उडवायची नेहमीची कमांड, ‘आरएम *’, चालणार नाही. तारका शेल उलगडतो, सगळी नावं एका कमांडच्या ओळीत बसवू पाहतो, आणि कर्नलची मर्यादा ओलांडली की ‘आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग’ येतं. ‘फाइंड’ वापरा:

फाइंड /डेटा/रीडिंग -एक्सडेव्ह -टाइप एफ -एमटाइम +३६५ -प्रिंट

यादी पडद्यावर पाहा, खात्री करा, मग ‘-प्रिंट’च्या जागी ‘-डिलीट’ लिहा. ‘-डिलीट’ नेहमी शेवटी. ‘फाइंड’ अटी डावीकडून उजवीकडे तपासतो. ‘-डिलीट’ आधी आणि ‘-एमटाइम’ नंतर लिहिलं, तर वय तपासण्याआधीच सगळं उडतं. दुसरं असं की ईएक्सटी४वर डिरेक्टरीची स्वतःची फाइल एकदा फुगली की आतली नावं काढल्यावर ती आक्रसत नाही. वीस लाख नावं काढून रिकामं झालेलं फोल्डरसुद्धा ‘एलएस’ला हळू उघडतं. अशा वेळी नवं फोल्डर करा, उरलेल्या फाइली त्यात हलवा आणि जुनं काढून टाका. एकाच फाइलसिस्टीमवर ‘एमव्ही’ फक्त नाव हलवतं, आयनोड आणि मजकूर जागचे हलत नाहीत, म्हणून ते पटकन होतं.

हे झालं आजचं. पुढचं काय? तयार असलेल्या ईएक्सटी४वर त्याच आकारात आयनोड वाढवता येत नाहीत. फाइलसिस्टीम मोठी केली तर नव्या भागासोबत नवे आयनोड येतात. किंवा बॅकअप घेऊन नव्याने फॉरमॅट करताना ‘-आय ४०९६’ द्यायचं, म्हणजे चौपट मिळतात. एक्सएफएस हा आणखी एक मार्ग. तिथे आयनोड लागतील तसे घडवले जातात. पण माझं स्पष्ट मत असं की खरा इलाज सॉफ्टवेअरमध्ये आहे. एका कास्टिंगला एक फाइल ही रचनाच बदलून घ्या. एका पाळीला एक फाइल आणि प्रत्येक रीडिंग म्हणजे तिच्यातली एक ओळ, किंवा सरळ एसक्यूलाइटचा छोटा डेटाबेस. ज्यांनी सॉफ्टवेअर लिहून दिलं त्यांना हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. फॉरमॅटची पद्धत कितीही बदलली तरी छोट्या फाइलींचा बॅकअप हळू, शोध हळू, कॉपी हळू. तो त्रास राहतोच.

आता लॉग फाइलकडे वळू. ती उडवली तरी ‘डीएफ -एच’चा आकडा का हलला नाही? ‘आरएम’ फाइल पुसत नाही. ते डिरेक्टरीतली नावाची एक ओळ काढतं आणि आयनोडमधला लिंक काउंट एकने कमी करतं. म्हणूनच त्यामागच्या सिस्टीम कॉलचं नाव ‘अनलिंक’ आहे. काउंट शून्य झाला, आणि कुठल्याही प्रोग्रॅमने ती फाइल उघडून ठेवलेली नसेल, तरच आयनोड आणि ब्लॉक मोकळे होतात. तुमचा प्रोग्रॅम अजून चालू आहे, त्याच्या हातात ती लॉग फाइल उघडी आहे, आणि नाव गेलं तरी तो तिच्यात लिहितोच आहे. अशा निनावी फाइली पाहायच्या असतील तर:

एलएसओएफ +एल१

यातला ‘एल’ मोठ्या लिपीतला. हे एकपेक्षा कमी नावं असलेल्या, म्हणजे नाव गेलेल्या पण उघड्या, फाइली दाखवतं. प्रोग्रॅम रीस्टार्ट करा, जागा लगेच परत येईल. रीस्टार्ट करायची सोय नसेल, भट्टी चालू असताना ते नकोच असतं, तर ‘/प्रॉक’मध्ये त्या प्रोसेसच्या नंबराखाली ‘एफडी’ फोल्डर असतं. तिथे त्या फाइलीचा क्रमांक शोधून ती शून्य बाइटची करता येते. याच वाटेने उलटंही होतं. चुकून उडवलेली महत्त्वाची फाइल एखाद्या प्रोग्रॅमने उघडी ठेवली असेल, तर तिथून ‘सीपी’ करून ती अख्खी परत मिळते. मात्र त्याआधी तो प्रोग्रॅम बंद करू नका, मशीनही रीस्टार्ट करू नका. घाबरून रीस्टार्टचं बटण दाबणं हेच अशा वेळी सर्वांत महागात पडतं.

पुढच्या वेळी चालू लॉग ‘आरएम’ने काढूच नका. तिला शून्य करा, किंवा जुने लॉग बाजूला काढणाऱ्या लॉगरोटेट या प्रोग्रॅमला काम द्या. लॉगरोटेट नाव बदलून नवी फाइल करतं, तेव्हा ‘टेल -एफ’ लावून बसलेल्या माणसाला नव्या ओळी दिसेनाशा होतात, कारण त्याने जुना आयनोड धरून ठेवलेला असतो. मोठ्या लिपीतला ‘एफ’ दिला तर ‘टेल’ नावावर लक्ष ठेवतो आणि नवी फाइल आली की तिच्याकडे वळतो.

दुसरा प्रश्न, लिंकचा. ‘एलएन जुनं नवं’ असं लिहिलं की हार्ड लिंक तयार होते, म्हणजे डिरेक्टरीत आणखी एक ओळ येते आणि तिच्यातही तोच आयनोड क्रमांक असतो. काउंट दोन. पुष्कळ जण विचारतात, मूळ कुठली आणि लिंक कुठली? असा भेदच नाही. दोन्ही नावं सारख्याच हक्काची. पहिलं काढलं तरी दुसऱ्याने फाइल पूर्ण मिळते. एका नावाने मजकूर बदलला तर दुसऱ्या नावानेही बदललेलाच दिसतो, परवानग्याही दोन्हीकडे एकच, कारण त्या आयनोडमध्ये आहेत.

मर्यादा याच रचनेतून येतात. आयनोड क्रमांक त्या त्या फाइलसिस्टीमपुरताच खरा, म्हणून दुसऱ्या डिस्कवर हार्ड लिंक करता येत नाही; ‘इनव्हॅलिड क्रॉस-डिव्हाइस लिंक’ म्हणून कर्नल नकार देतो. डिरेक्टरीची हार्ड लिंक करू देत नाहीत, कारण एखादं फोल्डर स्वतःच्याच पोटात शिरलं तर झाड चालणारा प्रत्येक प्रोग्रॅम गोल गोल फिरत राहील. ईएक्सटी४वर एका फाइलला ६५,००० पर्यंत नावं देता येतात. कामात कधी कमी पडणार नाहीत.

सॉफ्ट लिंक, म्हणजे सिम्बॉलिक लिंक, ही वेगळी जात. ती १९८३च्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीने रूढ केली. तिला स्वतःचा आयनोड असतो आणि तिचा मजकूर म्हणजे फक्त एक पाथ, दुसऱ्या फाइलचा पत्ता. ईएक्सटी४वर हा पाथ ६० बाइटांपेक्षा कमी असेल तर तो आयनोडमध्येच बसतो, वेगळा ब्लॉकही लागत नाही. ती दुसऱ्या डिस्कवर जाते, फोल्डरकडे बोट दाखवते, अस्तित्वात नसलेल्या फाइलकडेही दाखवते. मूळ फाइल हलली किंवा गेली की लिंक लोंबकळत राहते. रोजच्या कामात दोन गोष्टींनी लोक अडतात. एक, क्रम: आधी जिकडे जायचं तो पाथ, नंतर लिंकचं नाव. दोन, सापेक्ष पाथ, म्हणजे ‘/’ने सुरू न होणारा: तो तुम्ही कमांड देताना कुठे उभे होता तिथून मोजला जात नाही, लिंक ज्या फोल्डरमध्ये आहे तिथून मोजला जातो. फोल्डरकडे नेणारी लिंक दुसरीकडे वळवायची असेल तर ‘एलएन -एसएफएन’ द्या. शेवटचा ‘एन’ विसरलात तर नवी लिंक जुन्या फोल्डरच्या आत तयार होते आणि बाहेरून काहीच बदललेलं दिसत नाही.

मग बॅकअपला कुठली? सॉफ्ट लिंक मुळीच नाही. तिच्यात मजकूर नसतो. मूळ फाइल गेली की हातात नुसता पत्ता उरतो. ‘टार’सुद्धा सॉफ्ट लिंक आली तर फक्त लिंक बांधून घेतं, पलीकडची फाइल नाही. तेव्हा सॉफ्ट लिंक सुचवणाऱ्या सहकाऱ्याला हे शांतपणे समजावून सांगा.

हार्ड लिंक सुचवणाऱ्याचं निम्मं बरोबर आहे. त्याच डिस्कवर फाइलची हार्ड लिंक करून ठेवली तर चुकून झालेल्या ‘आरएम’पासून बचाव होतो, एवढंच. कुणी मजकूरच बिघडवला तर? ते कुठल्या पद्धतीने बिघडवलं यावर अवलंबून आहे, आणि हा भाग नीट लक्षात ठेवण्यासारखा आहे. ‘>>’ने शेवटी भर घातली, किंवा आहे त्या फाइलीवर ‘सीपी’ केली, तर आयनोड तोच राहतो, म्हणजे तुमची ‘बॅकअप’ लिंकही त्याच क्षणी बदलते. ‘सेड -आय’ मात्र बाजूला नवी फाइल लिहितं आणि जुन्या नावावर आणून बसवतं. नाव नव्या आयनोडकडे जातं, जुनी लिंक जुन्या मजकुरासह राहते. काही एडिटर असे, काही तसे. तुमचं तपासणीचं सॉफ्टवेअर कसं लिहितं हे ‘एलएस -आय’ने लिहिण्याआधी आणि नंतर क्रमांक पाहून दोन मिनिटांत कळेल.

हार्ड लिंकचा खरा उपयोग होतो तो आर-सिंक या कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमच्या ‘--लिंक-डेस्ट’ पर्यायात. वेगळी बॅकअप डिस्क घ्या. तिच्यावर रोज तारखेच्या नावाचं नवं फोल्डर करायचं आणि आर-सिंकला कालचं फोल्डर दाखवायचं. जी फाइल कालपासून बदललेली नाही, तिची कॉपी न करता तो कालच्या फोल्डरमधल्या फाइलीशी हार्ड लिंक जोडतो. बदललेली किंवा नवी तेवढीच उतरवतो. प्रत्येक तारखेचं फोल्डर उघडलं तर त्या दिवसाचा पूर्ण डेटा दिसतो, पण जागा फक्त बदलाची लागते. जुनी तारीख काढायची तर सरळ ते फोल्डर उडवा. ज्या फाइलींना दुसऱ्या तारखांची नावं आहेत त्या राहतात, उरलेल्या मोकळ्या होतात. लिंक काउंट इथे साफसफाई आपोआप करतो. मी कितीतरी ठिकाणी हेच बसवून दिलंय आणि अजूनही पहिल्यांदा हेच सुचवतो.

तीन सावधगिऱ्या मात्र हव्यात. बॅकअपमधली फाइल जागेवर कधीही बदलू नका, तिच्या परवानग्यांनाही हात लावू नका. ती एकच आयनोड असल्याने सगळ्या तारखांत बदल होईल. फाइलींचे आयनोड वाचले तरी फोल्डरांचे वाचत नाहीत. डिरेक्टरीची हार्ड लिंक होत नसल्याने ती दरवेळी नवीन तयार होतात, तेव्हा हजारो उपफोल्डरं असतील तर बॅकअप डिस्कवरही अधूनमधून ‘डीएफ -आय’ पाहत जा. आणि हा अख्खा साठा पुढे तिसऱ्या डिस्कवर उतरवताना आर-सिंकला मोठ्या लिपीतला ‘-एच’ द्या, नाहीतर प्रत्येक लिंकची वेगळी कॉपी होऊन साठा कैक पटींनी फुगेल. तिसरी डिस्क एक्सफॅटची असेल, पेनड्राइव्ह बहुधा तशीच येते, तर तिथे हार्ड लिंकही नाही आणि सॉफ्ट लिंकही नाही. तिच्यावर ‘टार’ करूनच न्या.

यात आणखी एक गोष्ट ओघानेच येते. तीस तारखांची फोल्डरं दिसली तरी न बदललेल्या फाइलीची त्या डिस्कवर प्रत एकच आहे. तो एक ब्लॉक खराब झाला की तीसही तारखांना खराब. म्हणून दुसरी प्रत हवीच, आणि ती दुसऱ्या जागी हवी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं होतं, वाहतूक बंद पडली होती. हे तुम्हाला मी सांगायला नको. सर्व्हर आणि बॅकअपची डिस्क एकाच खोलीत, तीही तळमजल्यावर, असं असेल तर ते आधी बदला. एक प्रत वरच्या मजल्यावर, एक मालकांच्या घरी उंच भागात किंवा भाड्याच्या सर्व्हरवर.

आता ‘कऱ्हाड’. लिनक्सची फाइलसिस्टीम नावातली अक्षरं ओळखत नाही, ती बाइट ओळखते. दोन नावांतला एक बाइट जरी वेगळा असला तरी ती दोन नावं. ‘कऱ्हाड’मधला अर्धा ऱ दोन प्रकारे टाइप होतो. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर बहुतेक जण खालच्या टिंबाचा ‘ऱ’ आणि त्याला हलंत असं लिहितात. युनिकोडमध्ये ती दोन चिन्हं, सहा बाइट. काही फोनेटिक कीबोर्ड मात्र साधा ‘र’, हलंत आणि त्यापुढे न दिसणारं एक जोडचिन्ह अशी तीन चिन्हं घालतात, नऊ बाइट. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी. ऑफिसात दोन माणसं, दोन कीबोर्ड, म्हणून दोन फोल्डरं. आणि तुमचा कीबोर्ड ज्या पद्धतीचा, तेवढंच फोल्डर नाव टाइप केल्यावर उघडतं. ‘तऱ्हा’, ‘सुऱ्या’, ‘गोऱ्हे’ अशा प्रत्येक नावात हाच धोका आहे. जाता जाता, नावाची मर्यादाही बाइटांतच असते: २५५. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असल्याने मराठीत ती ८५ चिन्हांवर संपते, आणि त्यात काना, मात्रा, हलंत सगळं वेगवेगळं मोजलं जातं. लांबलचक मराठी शीर्षक देऊन फाइल सेव्ह होत नाही त्याचं कारण हे.

दोन फोल्डरं एक करायची असतील तर नावाच्या नादी लागूच नका. ‘एलएस -एलआयबी’ लावा. यातला ‘बी’ न समजणारी चिन्हं आकड्यांत दाखवू शकतो आणि ‘आय’ दोघांचे आयनोड क्रमांक देतो. समजा जे चुकीच्या पद्धतीने टाइप झालंय त्याचा क्रमांक ५२४३०१ निघाला. मग:

फाइंड . -एक्सडेव्ह -मॅक्सडेप्थ १ -आयनम ५२४३०१ -एक्झेक एमव्ही -एन {} कऱ्हाड-जुनं \;

नाव न टाइप करता फोल्डरचं नाव बदललं. आता त्यातल्या फाइली दुसऱ्या फोल्डरमध्ये निवांत हलवा. ‘एमव्ही’ला ‘-एन’ असू द्या, म्हणजे एकाच नावाची फाइल दोन्हीकडे असली तर ती झाकली जाणार नाही, मागे राहील आणि तुम्हाला डोळ्यांनी तुलना करता येईल. सुरुवातीला वजाचं चिन्ह असलेली किंवा नावात अदृश्य स्पेस असलेली फाइल काढायलाही हाच मार्ग. ‘-एक्सडेव्ह’ इथे सोडू नका, कारण तोच क्रमांक दुसऱ्या माउंट केलेल्या डिस्कवर दुसऱ्याच एखाद्या फाइलचा असू शकतो. आणि यापुढे ग्राहकांची फोल्डरं माणसांनी हाताने टाइप करून तयार करू नयेत. सॉफ्टवेअरने ग्राहक क्रमांकावरून ती बनवावीत आणि मराठी नाव डेटाबेसात ठेवावं. पाळीला एक फाइल हा बदल करून घ्यालच, त्याच खेपेला हेही सांगून टाका.